वाटी, चमचा आणि सलाईनची बाटली

वैद्यकांतील सर्वमान्य नियमांचीं पुस्तकें आमच्या टेबलावर बरींच सांचलीं आहेत. त्यांत लहान मुलांच्या जुलाबांविषयींचें पान सर्वांत सोपें. मूल शुद्धीवर असून पीत आहे तोंवर साखर-मिठाचें पाणी पाजावें, आईचें दूध व नेहमींचें अन्न चालू ठेवावें, १० ते १४ दिवस जस्ताची गोळी द्यावी; जुलाबांत रक्त नसल्यास अँटिबायॉटिक बहुधा नकोच. एवढें शाळकरी मुलासही पाठ करतां येईल. आचरणांत आणतांना मात्र हा नियम आम्हां डॉक्टरांस भारी जड जातो.

ह्या पाण्याची योग्यता लहान नव्हे. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीचा कहर उसळला, आणि शिरेंतून द्यावयाचें सलाईन संपत आलें. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचें पाणी पिंपें भरून ठेविलें, आणि पाजण्याचें काम रोग्यांच्या नातेवाईकांवरच सोंपविलें. शेंकडा ३० च्या घरांत गेलेलें मृत्यूंचें प्रमाण ४ च्या खालीं आलें. ग्लुकोजच्या सोबतीनें आंतड्यांतून मीठ शोषलें जातें व मिठामागून पाणी. ही वाट पटकींतही बंद होत नाहीं, एवढेंच त्यांतलें रहस्य.

परंतु त्या छावणींत बाटली नव्हती. आमच्या दवाखान्यांत ती खुंटीला टांगलेली दिसते! मजुरी बुडवून, दोन एस.टी. बदलून आलेली आजी आम्हांस विचारते, "डाक्टर, पाणी तर घरींही होतं. एवढ्या लांब पाण्यासाठीं आलों होय?" तिचा प्रश्न आम्हांस अडाणीपणाचा वाटत नाहीं. ह्या पाण्यानें जुलाब थांबत नाहींत, मूल मात्र वांचतें. आणि आजी मोजते ती लंगोटांची संख्या. शिवाय बाटलीचें बिल होतें, वाटीचें होत नाहीं, हेंही आमचे व्यवसायबंधू जाणून आहेत. मूल मलूल होऊन पीतच नसेल, तर गोष्ट वेगळी. तेथें शिरेंतून सलाईन देण्यास उशीर लावणें हा अपराधच.

एक तजवीज आम्हीं केली आहे. पडवींत बांक टाकून आईच्या हातीं वाटी-चमचा देतों व तिला तेथेंच बसवून घेतों. मिनिटा-दोन मिनिटांनीं एक चमचा. ओकारी झाल्यास दहा मिनिटें थांबून पुन्हां, अधिक सावकाश. बाहेर रोग्यांची रांग वाढते, कंपाउंडर कुरकुरतो. पण दोन-तीन तासांत पोराची जीभ ओली होते, तें लघवी करतें, आईच्या पदराशीं झोंबूं लागतें, आणि हें सारें आजीच्या डोळ्यांदेखत घडतें. मग पुड्या कशा कालवाव्यात हें ती आपण होऊन विचारते.

मात्र पायरी उतरतांना मागें वळून म्हणतेच, "बाटली राहूं द्या, पण एक सुई तरी टोंचायची होती!"