स्वर उरतात, व्यंजने जातात

प्रथम वर्ष कला शाखेच्या वर्गात मी गेली सतरा-अठरा वर्षे वर्णविचार शिकवते आहे. स्वर स्वतंत्रपणे उच्चारता येतात, व्यंजनाला पूर्ण उच्चारासाठी स्वराचा आधार लागतो, ही व्याख्या फळ्यावर लिहिताना आता हात आपोआप चालतो. या व्याख्येची दुसरी बाजू मात्र मला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवली नाही. उच्चारापुरते व्यंजन परावलंबी असेल. पण अर्थाचा बराचसा भार तेच वाहते. वाक्यातून व्यंजने काढून घेतली की उरते ती केवळ चाल. हे मला कळले ते ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ या बँडमुळे, आणि इचलकरंजीत तीस वर्षे माग चालवलेल्या माझ्या वडिलांमुळे.

या दोन गोष्टी एका वाक्यात आणताना मला संकोच वाटतो, हे आधीच सांगते. त्यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. संबंध असलाच तर तो माझ्या कानात आहे.

२००३ साली पुण्यात एम.ए. करत असताना वसतिगृहातल्या मैत्रिणीने मला ‘लव्हलेस’ या अल्बमची कॉपी केलेली सीडी दिली. पहिले गाणे सुरू झाले आणि मला वाटले, सीडी बिघडली आहे. गिटारचा सूर एका जागी ठरत नव्हता. तापलेल्या रस्त्यावरची हवा हलावी तसा तो हलत होता. त्या घनदाट आवाजाच्या मागे कुठेतरी एक बाई गात होती, पण काय गात होती ते कळेना. मैत्रीण म्हणाली, “असंच आहे ते.” दुसऱ्यांदा ऐकताना मला तो आवाज ओळखीचा वाटू लागला. आमच्या घराची मागची भिंत आणि मागांच्या कारखान्याची भिंत यांच्यात हातभराचे अंतर होते. दुपारी भिंतीला डोके टेकून झोपले की आवाजातला खडखडाट निघून जाई आणि नुसती घरघर उरे. त्या घरघरीतच आईची हाक ऐकू येई. माझ्या बालपणाचा तो पार्श्वध्वनी होता.

बँडची सुरुवात १९८३ साली डब्लिनमध्ये झाली. गिटारवादक केविन शील्ड्स आणि ड्रमवादक कॉलम ओ कीसोग हे त्याचे संस्थापक. डेव्ह कॉनवे हा तेव्हाचा गायक. ही मंडळी डब्लिन सोडून हॉलंडमार्गे बर्लिनला गेली आणि तेथे ध्वनिमुद्रित केलेली त्यांची पहिली छोटी तबकडी १९८५ साली आली. ते संगीत पोस्ट-पंकच्या अंधाऱ्या, काहीशा भुताटकीच्या वळणाचे होते, आणि सरळ सांगायचे तर बरेचसे उसने होते. लंडनमध्ये डेबी गूज बेस वाजवू लागली. १९८७ मध्ये कॉनवे बाहेर पडला आणि बिलिंडा बुचर आली. १९८८ मध्ये क्रिएशन रेकॉर्ड्सतर्फे ‘यू मेड मी रिअलाइज’ आणि त्याच वर्षी ‘इझन्ट एनिथिंग’ हा अल्बम आला. तोवर पाच वर्षे गेली होती. स्वतःचा आवाज सापडण्यापूर्वी इतका काळ दुसऱ्यांच्या आवाजात बोलावे लागते, ही गोष्ट नवकवींच्या वहीत लाल शाई चालवणाऱ्या माझ्यासारखीला लक्षात ठेवण्याजोगी वाटते.

रंगमंचावर खाली मान घालून, पायाशी मांडलेल्या पेडलांकडे पाहत वाजवणाऱ्या अशा बँडांना ब्रिटिश संगीतपत्रकारांनी ‘शूगेझ’ असे चेष्टेचे नाव दिले. चेष्टेचेच नाव पुढे शैलीचे झाले. गंमत अशी की, शील्ड्सचे खरे तंत्र पायात नव्हते, हातात होते. गिटारला सूर लवचिक करण्यासाठी एक दांडा असतो. तो हातात सैल धरूनच तो तारा छेडत राही. त्यामुळे प्रत्येक झंकाराबरोबर अख्खा स्वरसमूह किंचित घसरे आणि सावरे. ऐकणाऱ्याला वाटते शेकडो गिटारी एकावर एक रचल्या असाव्यात. प्रत्यक्षात त्या त्याहून पुष्कळ कमी आहेत.

‘लव्हलेस’ ४ नोव्हेंबर १९९१ रोजी प्रकाशित झाला. त्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ आणि सुमारे एकोणीस स्टुडिओ लागले. खर्चाचा अडीच लाख पौंडांचा आकडा सांगितला जातो. शील्ड्सने तो नेहमीच नाकारला. कॉलम आजारी असल्याने बहुतेक ठिकाणी त्याच्याच वादनाचे तुकडे घेऊन ते पुनःपुन्हा फिरवले आहेत. बुचरचे गायन अनेकदा पहाटे होई, तिला झोपेतून उठवून. शील्ड्सने कॅसेटवर अस्पष्ट गाऊन ठेवलेल्या चाली ऐकून, त्यात आपल्याला जे शब्द ऐकू आल्यासारखे वाटले ते ती लिहून काढी. म्हणजे त्या गीतांतले काही शब्द मुळात चुकीचे ऐकण्यातून जन्मले. मग तो आवाजही गिटारीच्या पातळीवर आणून ठेवलेला. व्यंजने बुडाली, स्वर तेवढे तरंगत राहिले.

आता अण्णांविषयी.

अण्णा मितभाषी होते, असे आम्ही समजत आलो. घरात चर्चा चालू असली की ते खिडकीशी बसत. विचारल्याशिवाय बोलत नसत आणि बोलले तर आवाज चढलेला असे. लहानपणी मला तो राग वाटे. आईच्या बोलण्यावर ते नुसती मान हलवत, आई म्हणे, “यांचं लक्षच नसतं.” एकदा मी विचारले, “अण्णा, चहा हवा का?” ते म्हणाले, “दहा कधीच वाजले.” आम्ही सगळे हसलो. तेही हसले. तो विनोद आमच्या घरात पुढे कित्येक वर्षे चालला.

२०११ साली आग्रह करून मी त्यांची श्रवणचाचणी करून घेतली. तपासणाऱ्या बाईंनी आलेख पुढे ठेवला. खालच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी शाबूत होते. ४००० हर्ट्झच्या आसपास रेषा विहिरीत उतरावी तशी उतरलेली होती. सततच्या यंत्रध्वनीने कान जातो तो सहसा असाच, तेथूनच, असे त्या म्हणाल्या. स, श, फ, त, क असे ध्वनी त्याच उंच पट्ट्यात ओळखू येतात. स्वरांचे बळ खालच्या पट्टीत असते. शिवाय बायकामुलांचे आवाज पुरुषांपेक्षा उंच, त्यामुळे तेच अधिक निसटतात. “त्यांना तुम्ही ऐकू येता,” त्या म्हणाल्या, “पण काय बोलता ते कळत नाही.”

चहा, दहा. स्वर तेच होते. गेला होता फक्त ‘च’.

परतताना एसटीत मला ‘लव्हलेस’ आठवला. घनदाट घरघर, आणि तिच्या आत एका बाईचा अर्थहीन, गोड, दूरचा आवाज. आवडीने, हेडफोन लावून जे मी आठ वर्षे ऐकत होते, ते अण्णांच्या कानातले आमचे घर होते. आम्ही ज्याला स्वभाव म्हटले, तो मागांनी केलेला घाव होता.

तेव्हापासून या बँडविषयीचे काही समीक्षालेखन मला सहजपणे वाचवत नाही. मैफलीच्या शेवटी ते ‘यू मेड मी रिअलाइज’ वाजवतात आणि मध्येच एका स्वरसमूहावर थांबून पंधरा-वीस मिनिटे केवळ गोंगाट करतात. त्या गोंगाटात अहं विरघळतो, मुक्तीचा अनुभव येतो, असे लिहिले जाते. तो अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण २००८ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला तेव्हा त्यांच्या मैफलींत दाराशी प्रेक्षकांना कानांत घालायचे बोळे वाटले जात. मला त्या वर्णनात हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. आठ तासांच्या पाळीसाठी आपल्याकडे कारखान्यांना नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. मागांचा आवाज सहज तिच्या पुढे जातो. अण्णांना तीस वर्षांत कुणी कापसाचा बोळाही दिला नाही, तोही कापड विणणाऱ्या गावात. गोंगाट सौंदर्यानुभव व्हायचा तर तो संपणार आहे याची खात्री हवी, आणि दार आपल्याला उघडता यायला हवे. हे मैफलीच्या परीक्षणात कुणी लिहावे अशी अपेक्षा नाही; पण मला ते विसरता येत नाही.

अर्थात बँडलाही किंमत मोजावी लागली. ‘लव्हलेस’च्या काळातच शील्ड्स आणि बुचर यांना कानात सतत आवाज येण्याचा त्रास सुरू झाला. क्रिएशनने त्यांना सोडले, आयलंड रेकॉर्ड्सने १९९२ मध्ये करारबद्ध केले, आणि मग काहीच आले नाही. १९९५ मध्ये गूज आणि कॉलम निघून गेले, १९९७ पर्यंत बँड विस्कटला. पुढचा अल्बम ‘एम बी व्ही’ २ फेब्रुवारी २०१३ रोजी त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आला, तब्बल एकवीस वर्षांनी. मधल्या मौनाच्या दंतकथा झाल्या. कुणी त्याला परिपूर्णतेचा ध्यास म्हटले, कुणी वेड. दुसऱ्याच्या मौनाला आपल्या सोयीचे नाव देण्याची सवय आमच्याच घरापुरती नाही, एवढेच मी त्यातून घेतले.

अण्णांचे यंत्र कपाटात पडून असते. ते लावले की भांड्यांचा आवाज सहन होत नाही, म्हणतात. शांततेत त्यांच्या कानात अजून माग चालू असतो. मी आता त्यांच्यासमोर बसून, तोंड दिसेल असे, आवाज न चढवता सावकाश बोलते. मागांच्या गोंगाटात ओठ वाचून बोलण्याची सवय त्यांना होतीच. आम्हीच पाठमोरे बोलत होतो.

मागच्या दिवाळीत मी टेबलावरच्या स्पीकरवर ‘लव्हलेस’ लावले होते. अण्णा आले, थबकले, आणि स्पीकरवर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “पट्टा घसरतोय.”

मोटारीचा पट्टा सैल झाला की मागाची गती आणि तिच्याबरोबर आवाजाची पट्टी कमी-जास्त होते. शील्ड्सच्या त्या सैल दांड्याविषयी मी वाचलेल्या वर्णनांत इतके नेमके एकही नव्हते. मी गाणे बंद केले, त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि विचारले, “चहा हवा का?”

“हो,” ते म्हणाले. “साखर कमी.”