पिशवीतल्या गोळ्या

“गोळ्या कुठल्या चालू आहेत?” असं विचारलं की माझ्याकडे येणारे कितीतरी रुग्ण “कुठल्याच नाहीत” म्हणून सांगतात. त्यात खोटेपणा नसतो. बीपीची, साखरेची गोळी म्हणजे औषध. गुडघा ठणकला की मेडिकलमधून आणून घेतली जाते ती कुणी औषधात धरतच नाही. म्हणून माझा दुसरा प्रश्न ठरलेला असतो: “पिशवीत काय आहे?”

सांगलीकडच्या एका खेड्यातल्या आजींना रात्री साडेदहाला आणलं होतं. वय सत्तरीच्या पुढं, पण भांगलणीला अजून जाणाऱ्या. चार दिवस चक्कर येत होती, पाचव्या दिवशी न्हाणीत पडल्या. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर आत कागदासारखं पांढरं. हिमोग्लोबिन साडेपाच. “पोटात दुखत होतं का?” “न्हाई बा.” “जळजळ?” “न्हाई.” “परसाकडला काळं होत होतं?” यावर मात्र त्या विचारात पडल्या. डांबरासारखं काळं, चिकट होत होतं, पण हे कुणाला सांगायचं असतं, हेच त्यांना माहीत नव्हतं.

मग पिशवी उघडली. सुपारी, चुन्याची डबी आणि तिच्याखाली डायक्लोफिनॅकची अर्धी पट्टी, आयब्युप्रोफेन-पॅरासिटामॉलची कात्रीनं कापलेली चार गोळ्यांची पट्टी आणि दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवल्यापासून चालू असलेली ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन. तिन्ही एकाच कुळातल्या. तिन्ही रोज.

दोन पिशव्या रक्त चढवून, नाडी स्थिरावल्यावर दुर्बीण घातली. जठराच्या खालच्या टोकाला लाल ठिपके आणि ओरखडे विखुरलेले होते. त्यांच्यामध्ये आठ आण्याच्या नाण्याएवढा व्रण, कडा पंचनं पाडल्यासारख्या सरळ. पांढऱ्या तळात काळपट रंगाचा एक बारीक उंचवटा. ते रक्तवाहिनीचं उघडं पडलेलं तोंड होतं. भोवती अ‍ॅड्रिनलिन टोचलं, दोन क्लिपा लावल्या, रक्त थांबलं. एवढी मोठी जखम, आणि पोटात दुखल्याची एकही आठवण नाही.

आपल्याकडे म्हणतात, “गोळी गरम पडली.” म्हणजे गोळी पोटात जाऊन बसते आणि भाजते. अ‍ॅस्पिरिनच्या बाबतीत यात काही तथ्य आहे. १९३८ साली लंडनमध्ये डाउथवेट आणि लिंटॉट या डॉक्टरांनी जठरात दुर्बीण घालून अ‍ॅस्पिरिननं लालसर झालेलं अस्तर प्रत्यक्ष पाहिलं होतं. पण खरी इजा वरून होत नाही, रक्तातून होते. म्हणून “गोळीऐवजी सुई द्या, पोटाला त्रास नको” हा आग्रह फसवा आहे. कमरेत टोचलेलं डायक्लोफिनॅकही रक्तातून फिरत जठराच्या अस्तरापर्यंत पोचतंच. आतड्यात विरघळणारं वेष्टन असलेल्या गोळीचंही तेच.

रक्तातून ही इजा होते कशी, हे कोडं १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी सोडवलं. ही औषधं शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती थांबवतात, असं त्यांनी दाखवलं. १९८२ चं नोबेल त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर मिळालं. सुजलेल्या गुडघ्यात प्रोस्टाग्लँडिन वेदना वाढवतं. जठरात मात्र तेच राखणदार असतं. त्याच्यामुळे अस्तरावर चिकट श्लेष्माचा थर राहतो, त्या थरात आम्ल मारणारं बायकार्बोनेट झिरपतं आणि पेशींना भरपूर रक्त मिळतं. मांस पचवू शकणाऱ्या आम्लात जठर स्वतः शाबूत राहतं ते या व्यवस्थेमुळे. गोळीला गुडघा आणि जठर यातला फरक कळत नाही. गुडघ्याचा ठणका थांबवताना ती जठराचा पहाराही उठवते. अ‍ॅस्पिरिन तर वर रक्तातल्या बिंबिकांची गोठवण्याची ताकद त्यांच्या उरलेल्या आयुष्यापुरती, म्हणजे आठ-दहा दिवसांपुरती काढून घेते. व्रणही तिचाच आणि तो वाहत राहण्याची सोयही तिचीच.

पुढे प्रोस्टाग्लँडिन बनवणारे दोन विकर सापडले. एक मुख्यतः जठराच्या बाजूचा, एक सुजेच्या बाजूचा. फक्त दुसऱ्याला अडवणारी औषधं निघाली, पोटाला बरीच सुसह्यही ठरली. पण त्यातलं रोफेकॉक्सिब २००४ मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे बाजारातून काढावं लागलं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या व्रणाच्या मुकेपणाची. दुखणं दाबणारी गोळी स्वतः केलेल्या जखमेचं दुखणंही दाबते. म्हातारपणी पोटाची जाणीव तशीही बोथट झालेली असते. त्यामुळे “मला काही त्रास होत नाही, म्हणजे गोळी मानवते” हा हिशेब चुकतो. २००६ च्या चिकुनगुनियाच्या साथीनंतर महिनोन्‌महिने सांधे धरून बसलेली माणसं मी पाहिली. त्यांना या गोळ्या हव्याच होत्या, मी त्यांना दोष देणार नाही. पण वय पासष्टच्या वर, आधी अल्सर झालेला, रक्त पातळ करणारं औषध किंवा स्टिरॉइड सोबत, एकाच वेळी दोन वेदनाशामकं, पोटात हेलिकोबॅक्टर जंतू, यातलं एखादं असलं की धोका वाढतो, आणि एकाहून जास्त असलं की फार वाढतो. अशा माणसाला गोळी द्यायचीच असेल तर आम्ल कमी करणारी ओमेप्रॅझोलसारखी गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी सोबत हवी. जेवणानंतर घोटभर पातळ अँटासिड पिऊन व्रण टळत नाही.

आजींची अ‍ॅस्पिरिन बंद ठेवता येत नव्हती. स्टेंट बंद पडला तर तो रक्तस्रावापेक्षा घातक. तिसऱ्या दिवशी, आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्रॅझोलच्या आधारानं, ती परत सुरू केली. बाकीच्या दोन्ही पट्ट्या मी ठेवून घेतल्या. जंतूची तपासणी पॉझिटिव्ह आली, त्याचा १४ दिवसांचा कोर्स दिला. “आन्‌ गुडघ्याचं?” त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत, वरून लावायचं मलम, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम. पाय सरळ ठेवून उचलायचा, दहा मोजायचे, खाली ठेवायचा. सुनेला तो करून दाखवला. पूर्वीइतका आराम पडणार नाही, हेही सांगितलं.

आठ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. व्रणाच्या जागी फिकट वण होता, तारेसारखा. आजी टेबलावरून उतरल्या, पदर सावरला आणि बाहेर बाकावर बसलेल्या शेजारणीला हात धरून आत घेऊन आल्या. “ही बी त्याच गोळ्या खाती. हिची पिशवी बगा की जरा.”