परदेशी जावे, पण मृगाआधी परतावे

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपल्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही पाठ असते. आपण ती गमतीने म्हणतो आणि हसतो. पण वाचकहो, आपल्यापैकी किती जणांनी देशाची वेस ओलांडली आहे? आपला प्रवास म्हणजे पंढरपूर, तुळजापूर, गंगाखेडला जनाबाईचे दर्शन, आणि आयुष्यात एकदा काशी. परदेश ही पगारदारांची गोष्ट, रानात राबणाऱ्यांची नव्हे, असे आपण धरून चालतो.

आपली मुले मात्र तसे धरत नाहीत. त्यांच्या हातात मोबाइल आहे. वर्गातला कुणी दुबईला जाऊन आला की त्याचे फोटो त्याच दिवशी आपल्या ओसरीवर येतात. मग एक दिवस जेवताना प्रश्न येतो, “आपण कधी जायचं?” ‘आपल्याला परवडत नाही’ असे म्हणून पोराला गप्प करता येते. पण चौदा-सोळा वर्षांचे पोर गप्प बसले म्हणजे त्याचे समाधान झाले असे नाही. आपण कुणबी म्हणून कमी आहोत, एवढे तेवढे ते मनात घेऊन उठते. म्हणून म्हणते, या प्रश्नाला हिशेबाने उत्तर द्यावे. आमच्या घरी ते कसे दिले, ते सांगते. तुमच्या उपयोगी पडले तर घ्या.

आमचे घर सेलू तालुक्यातले. नऊ एकर रान, त्यातले तीन एकर ओलिताचे. दावणीला दोन गाई, एक म्हैस. घरात सासूबाई, मामंजी, आम्ही दोघे, मुलगी आणि मुलगा. २०२४ च्या मार्चमध्ये मुलगी दहावीची परीक्षा देणार होती. पुढे ती शिकायला बाहेर जाणार. ती गेली की चार-सहा दिवसांची पाहुणी होणार आणि तिच्यामागे मुलगाही जाणार. सगळ्यांनी मिळून कुठे जायचे असेल तर तोच उन्हाळा, असे मला वाटत होते. घरच्यांना ते पटेना. २०२३ चा पावसाळा आपल्याकडे तुटीचा गेला होता. “विहिरीनं तळ गाठलाय अन् तुम्हाला परदेश सुचतोय,” असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

पण दोन वर्षे दुधाच्या पैशातून मी थोडे थोडे बाजूला टाकत आले होते. ते ९० हजार झाले होते. मी तो आकडा सगळ्यांसमोर सांगितला आणि एक अट घातली. बियाण्याचा पैसा, खताचा पैसा आणि दवाखान्याचा पैसा यांना हात लागणार नाही. कर्ज निघणार नाही. एवढ्यात जे बसेल ते बघायचे, नाही बसले तर पैसे बँकेत राहतील. मग एक वही काढली आणि वर चार प्रश्न लिहिले. कधी जायचे? पैसा किती लागेल? कागद कोणते लागतील? आणि आजीला झेपेल का? ज्याला जो देश पाहिजे त्याने या चार प्रश्नांची उत्तरे शोधून आणायची.

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण अर्धे देश तिथेच गळतात. शहरातली माणसे दिवाळीत निघतात. आपले काय? दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची रास, कापसाची वेचणी आणि हरभऱ्याची पेरणी. तेव्हा घर सोडणे अशक्य. जानेवारी-फेब्रुवारीत ज्वारी राखायची, हरभरा काढायचा आणि मुलांच्या परीक्षा. पाडव्याला सालगड्यांचा हिशेब. मोकळीक मिळते ती एप्रिलच्या शेवटापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. त्यानंतर वखरपाळ्या, शेणखत, बियाण्याची जुळवाजुळव, आणि ७ जूनच्या सुमारास मृग. म्हणजे आपल्याला देश निवडायचा तो मे महिन्यातला. हे एकदा ध्यानात घेतले की जाहिराती बघून जीव हुरळत नाही.

मुलाने दुबई मांडली. तिथला बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच, २०१० साली खुला झाला, हे त्याला तोंडपाठ. पण मेमध्ये तिथे पारा चाळिशीच्या वर. मामंजी म्हणाले, “परभणीचं ऊन कमी पडलं म्हणून तिकडं चाललास का रे?” शिवाय विमान, व्हिसा आणि पाच जणांचे पासपोर्ट. बेरीज त्यानेच केली आणि वही त्यानेच मिटली.

घरच्यांची इच्छा इस्राएल बघायची. आपल्या रानात जे ठिबक आहे त्याला आजचे रूप त्या देशात आले. नेटाफिम ही कंपनी १९६५ साली तिथल्या हात्झेरिम नावाच्या किबुत्झवर, म्हणजे सामुदायिक शेती करणाऱ्या वसाहतीवर, उभी राहिली. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये तिकडे युद्ध पेटले होते. आपले कृषी खाते शेतकऱ्यांचे परदेशी अभ्यास दौरे काढते, आणि ज्यांना शेतीच बघायची त्यांनी त्याची चौकशी जरूर करावी. मात्र तो दौरा शेतकऱ्याचा, लेकराबाळांचा नव्हे.

मुलीने भूतान आणले. भारतीयांना तिथे पासपोर्ट लागत नाही, मतदान ओळखपत्र चालते, हवाही थंड. आम्ही सगळे खूश झालो. मग तिनेच पुढची ओळ वाचली. सप्टेंबर २०२२ पासून भारतीय पाहुण्याला माणशी रोज रात्री १,२०० रुपये कर आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मा, पण आमचा मुलगा तेरा वर्षांचा. म्हणजे पाच जणांचे रात्रीला ६,००० आणि सात रात्रींचे ४२,०००. राहणे, जेवण, गाडीभाडे वेगळेच. तो देश आपली झाडी आणि डोंगर राखण्यासाठी हा पैसा घेतो, त्यात वावगे काही नाही. पण आमच्या ९० हजारांत तो बसेना.

सासूबाई एवढा वेळ शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मला मेलीला एवढं कळत नाही. पण पशुपतिनाथ परदेशातच आहे ना?”

तिथे नेपाळ निघाला. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली झालेल्या करारामुळे दोन्हीकडच्या माणसांना व्हिसावाचून ये-जा करता येते. परभणीहून रेल्वेने मनमाड, मनमाडहून गोरखपूर, तिथून बसने सुनौलीची सरहद्द. विमानाचे नावच नाही. मुलाने मात्र नाक मुरडले. “पासपोर्टवर शिक्का नाही तर परदेश कसला?” याचे उत्तर कुणाजवळ नव्हते. “जाऊन बघ अन् मग सांग,” एवढेच मी म्हणाले.

आता कागदांचे सांगते, कारण आपली गाडी तिथेच अडते. नेपाळला जमिनीच्या वाटेने जाताना मोठ्या माणसाजवळ पासपोर्ट किंवा मतदान ओळखपत्र पाहिजे. नुसते आधार चालत नाही. १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्यांना आधारासारखे फोटोचे ओळखपत्र चालते. १५ ते १८ मधल्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचा ठरलेल्या नमुन्यातला ओळखदाखला घ्यावा लागतो. आमच्या मुलीचा तो दाखला आम्ही परीक्षा संपताच घेतला. २६ एप्रिल २०२४ ला परभणीचे लोकसभेचे मतदान झाले. ज्या कार्डावर त्या दिवशी मत दिले तेच कार्ड दाखवून आठवड्याभराने आम्ही देशाची हद्द ओलांडली. नियम बदलतात, तेव्हा निघण्याआधी ते पुन्हा बघून घ्यावेत.

दुसऱ्या कुठल्या देशाला जायचे तर पासपोर्ट लागणारच. त्याची साधी फी मोठ्यांना १,५०० रुपये आणि १८ वर्षांखालच्यांना १,००० रुपये. २०१७ पासून पोस्टाच्या कचेऱ्यांतही पासपोर्टची केंद्रे निघाली, त्यामुळे मुंबई-नागपूरच्या खेपा पुष्कळ वाचल्या. पण आपल्या नावांचा घोळ तुम्हाला माहीत आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, सातबारावर तिसरे. बायकांचे तर माहेरचे एक आणि सासरचे एक. ही दुरुस्ती ऐनवेळी होत नाही. ती रिकाम्या दिवसांत करून ठेवावी. प्रवासाचे सोडा, पुढे मुलांच्या शिक्षणालाही ती लागतेच.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. मामंजी आपण होऊन मागे राहिले. “जनावरांना कोण बघल?” म्हणाले. जाऊन-येऊन बारा दिवस लागले. लुंबिनी, पोखरा आणि काठमांडू एवढेच गाठायचे, असे मुलीने ठरवले होते. धावपळ नको, आजीला रोज दुपारी आडवे होता आले पाहिजे, हा तिचाच नियम.

लुंबिनी ही भगवान बुद्धांची जन्मभूमी. मराठवाड्यातली पुष्कळ कुटुंबे तिथे श्रद्धेने जातात. तिथे सम्राट अशोकाचा दगडी खांब आहे. त्यावरचा ब्राह्मी लेख १८९६ साली उजेडात आला. त्यात अशोक काय म्हणतो? इथे बुद्ध जन्मले म्हणून लुंबिनी गावाला करातून सूट दिली आणि पिकाचा फक्त आठवा हिस्सा घ्यायचा ठरवले. घरचे त्या खांबापुढून हलेनात. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची शेतसाऱ्याची सूट दगडावर कोरलेली! मुलांना त्यांनी ती दोनदा समजावून सांगितली.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सरहद्द ओलांडल्यावर अर्ध्या तासातच मिळाले. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे. कॅलेंडर विक्रम संवताचे, त्यामुळे तिथे साल होते २०८१. आपल्या १०० रुपयांचे तिथले १६० रुपये. शनिवारी सुट्टी. आणि पाट्या सगळ्या देवनागरीत! आपल्या पोरांना परक्या देशात प्रत्येक पाटी वाचता येते आणि तरी निम्मी कळत नाही, यात केवढी मौज. ‘पसल’ म्हणजे दुकान आणि ‘प्रहरी’ म्हणजे पोलीस हे त्यांनी पहिल्याच दिवशी शोधले. पुढे बसमध्ये मुलगा आजीला पाट्या वाचून दाखवत होता. शिक्क्याचे नाव त्याने परत काढले नाही.

बुटवलहून पोखऱ्याकडे जाताना डोंगराच्या अंगावर पायऱ्या-पायऱ्यांची शेते लागतात. एकेक तुकडा आपल्या खळ्याएवढा. पण मधूनच काही पायऱ्या पडीक, गवत माजलेले. मुलीने शेजारच्या बाईंना मोडक्या हिंदीत विचारले. त्या म्हणाल्या, पोरे कतारला आणि मलेशियाला गेली, कसणार कोण? त्या देशाच्या उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा बाहेर गेलेल्या माणसांनी धाडलेल्या पैशाचा आहे. घरे सिमेंटची झाली, पण अंगणात म्हातारेच दिसत होते. मुलगी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, “आई, आपल्या गावातून पुण्याला किती जण गेले गं?” आम्ही दोघी मोजू लागलो. मोजता मोजता पाल्पा आले. तिने शेतीच करावी असे मी तिला कधी म्हणणार नाही. पण जाणाऱ्याच्या मागे काय उरते, हे तिने जाण्यापूर्वी पाहिले. हे मला घरी बसून शिकवता आले नसते.

पोखऱ्यात मेमध्ये धूसर असते. दोन दिवस काही दिसले नाही. तिसऱ्या दिवशी रात्री पाऊस झाला आणि पहाटे ६,९९३ मीटरचा माछापुच्छ्रे समोर उभा. पशुपतिनाथापुढे सासूबाई हात जोडून उभ्या राहिल्या, त्याचे वर्णन मी करत नाही. परत आलो तेव्हा ९० हजारांतले साडेसहा हजार शिल्लक होते आणि वहीत पै-पैची नोंद मुलाच्या अक्षरात होती. घर गाठले तेव्हा मृगाला तीन आठवडे होते.

सगळ्यांनी नेपाळलाच जावे असे माझे म्हणणे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथे तरुणांच्या आंदोलनात मोठी उलथापालथ झाली, सरकार पडले. कुठेही जाण्यापूर्वी तिकडची खबरबात घ्यावी हे खरेच. तुमच्याकडे पैसा जास्त असेल तर श्रीलंका बघा, मात्र मेच्या उत्तरार्धात तिथे पाऊस सुरू होतो हे ध्यानात ठेवा. कमी असेल तर आपलाच देश काही लहान नाही.

माझे सांगणे एवढेच की ठिकाण आपण ठरवून मुलांना नेऊ नका. घरातला खरा आकडा त्यांच्यासमोर ठेवा. आपला पैसा कुठून येतो, किती येतो आणि कुठे जातो हे बहुतेक घरांत पोरांना ठाऊकच नसते, आणि म्हणून ती शेजारच्याशी तुलना करतात. आमच्या मुलाने दुबई स्वतः खोडली, तेव्हापासून तो हट्ट परत निघाला नाही. उलट आता बियाण्याचा हिशेब तोच लिहितो.

येत्या उन्हाळ्यात जायचे मनात असेल तर आजच सुरुवात करा. नावांची दुरुस्ती आणि मुलांचे दाखले संक्रांतीपर्यंत उरकून घ्या. रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवा. जनावरांसाठी माणूस आधी बघा, तिकीट मागून काढा. आणि वहीवर चार प्रश्न लिहून ती पोरांच्या हाती द्या.