नाणेघाटाच्या टाक्यावर



कल्याण ते जुन्नर हा जुना व्यापारी मार्ग पायी पुरा करायचा, असे मी व माझ्या मुलीने दोन वर्षांपूर्वी ठरविले. त्यासाठी सलग पाच-सहा दिवसांची रजा काढणे माझ्यासारख्या कारकुनाला परवडणारे नाही. म्हणून एक तोड काढली. सवड मिळेल तो रविवार धरायचा, मागच्या खेपेला जिथे थांबलो तिथे एस.टी.ने जायचे आणि तिथूनच पुढे चालू लागायचे. असे तुकडे जोडत मुरबाड, टोकावडे करीत आम्ही वैशाखऱ्यापर्यंत आलो. जानेवारीतल्या एका रविवारी पाळी आली ती नाणेघाटाची.

या खेपेला दादा, म्हणजे माझे वडील, बरोबर होते. वय पंच्याहत्तर, गुडघे दुखरे. घाट चढणे त्यांना शक्यच नव्हते. पण "मला पायथ्यापर्यंत तरी ने," असा त्यांनी हट्टच धरला. आमचे आजोबा जुन्नरकडच्या एका खेड्यातले. पोटासाठी ते याच घाटाने उतरून कल्याणला आले, तेव्हा दादा पाच वर्षांचे होते व आजोबांच्या खांद्यावर बसले होते. गावच्या विहिरीला आपल्या माणसांना हात लावता येत नसे. कोणी वरून ओतले तर पाणी, नाहीतर तहान. "घाटातल्या टाक्याशी मात्र बापाने मला ओंजळीने पाणी पाजले. कोणी हटकले नाही," एवढीच आठवण दादांना आहे. ती त्यांनी मला शंभर वेळा सांगितली असेल.

दादांना रस्त्याकाठच्या चहाच्या हॉटेलात बसवून आम्ही बापलेक आठ वाजता निघालो. आधी सपाटीची वाट, मग झाडी आणि मग दगडातला चढ. कित्येक ठिकाणी पायऱ्या कातळातच खोदलेल्या आहेत. मुलगी पुढे, मी धापा टाकत मागे. सोपारा व कल्याण बंदरातला माल बैलांच्या, गाढवांच्या पाठीवर याच वाटेने जुन्नर व पैठणकडे जाई. आमच्या पाठीवर भाकरी आणि झुणका, तरी घाम फुटला. ज्यांनी ओझी वाहिली त्यांचे काय झाले असेल!

अकराच्या सुमारास लेणीत पोहोचलो. तिन्ही भिंतींना दगडी ओटे. भिंतींवर ब्राह्मी लिपीतला सातवाहन राणी नागनिकेचा लेख, सुमारे 2,000 वर्षांपूर्वीचा. राजघराण्याचे पुतळे कधीच गेले, वर कोरलेली नावे राहिली. मुलीने विचारले, "पप्पा, ही आपली बुद्ध लेणी ना?"

चळवळीतल्या माणसाला येथे चटकन 'हो' म्हणण्याचा मोह होतो. पण पोरांना खोटा इतिहास शिकवून कसे चालेल? मी म्हणालो, "नाही बाळा. हा विहार नव्हे. या लेखात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची जंत्री आहे. गायी, घोडे, हत्ती, कार्षापण, सगळे आकड्यांसह." हिशेबात उभा जन्म घालविलेल्या मला ते आकडे पाहून मौज वाटली. भारतातल्या अंकलेखनाच्या फार जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते.

"मग आपली माणसे कुठे आहेत?" तिने विचारले.

ती याच रस्त्यावर पुढे आहेत. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत 200 हून अधिक बौद्ध लेणी आहेत. तिथल्या लेखांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिल्याचे लिहिले आहे. वेळूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे धर्मदानाची रक्कम ठेवल्याचेही उल्लेख आहेत. बांबू विणणाऱ्या माणसांकडे लोक विश्वासाने पैसा ठेवीत, हे आमच्या कॉमर्सच्या पुस्तकात कुणी छापले नव्हते.

लेणीजवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. मुलगी वाकली, ओंजळ भरली आणि सहज पाणी प्याली. तिला त्यात विशेष काही वाटले नाही. मला मात्र 20 मार्च 1927 चे महाड आठवले. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, म्हणून आज माझ्या मुलीला त्यात विशेष काही वाटत नाही. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

बाटली टाक्यातल्या पाण्याने भरून घेतली. वर पठारावरचा मोठा दगडी रांजण पाहिला. त्यात जकातीची नाणी टाकत, असे सांगतात. भाकरी खाऊन उतरू लागलो, ते चार वाजता पायथ्याशी आलो.

दादा वाटेकडेच पाहत होते. मुलीने बाटली पुढे केली. त्यांनी ती उघडली, पण तोंडाला लावली नाही. "ओंजळीत ओत," म्हणाले. नातीने ओतले, ते प्याले. सगळी बाटली संपली. कल्याण येईपर्यंत ते काही बोलले नाहीत.

पुढचा तुकडा घाटघर ते जुन्नर. तेव्हा एस.टी.ने दादांनाही वर नेणार आहोत.

तुम्हीही पोराबाळांना घेऊन जा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस बरे. पावसात दगड निसरडे असतात. सकाळी लवकर निघा, पाणी व भाकरी जवळ ठेवा आणि लेण्यांच्या भिंतींवर नावे लिहू नका. तिथे लिहिलेली नावे आधी वाचायला शिका.