शेपटीखालची गाठ

९ जून
चिंगी, कॉकर स्पॅनियल, वय दहा. काकूंची तक्रार: पाणी फार पिते, रात्री दिवाणखान्यात शू करते. "डायबेटिसच असणार डॉक्टर, मलाही आहे ना." साखर नॉर्मल निघाली. कॅल्शियम मात्र १४.६, साडेअकराच्या वर गेलं तरी मी कान टवकारतो. लगेच हातमोजा चढवला. कुत्र्याच्या गुदद्वाराशी, घड्याळात चार आणि आठ वाजतात त्या जागी, दोन पिशव्या असतात. आठची पिशवी बोटाला कडक लागली. गाठ दोन सेंटिमीटरची, बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

"मूळव्याध का हो?" काकांनी विचारलं. नाही म्हटलं. अशी गाठ पीटीएचआरपी नावाचं प्रथिन रक्तात सोडते. त्याने हाडांतलं कॅल्शियम बाहेर पडतं, मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून ही तहान. वयस्क कुत्र्याला लस टोचताना बोटाने तपासायला मिनिटसुद्धा लागत नाही. पण मालकाला किळस येते आणि आपल्याला बाहेरची रांग दिसत असते.

१० जून
सुईने पेशी काढल्या: कर्करोग. फुप्फुसं स्वच्छ. सोनोग्राफीत कण्याखाली, महाधमनीला फाटे फुटतात तिथली एक लसिका गाठ सुजलेली. हा रोग बहुधा आधी तिथेच जातो. काल रात्रीपासून सलाइन चालू आहे. स्टेरॉइड मात्र पेशींचा निकाल हाती येईपर्यंत मुद्दाम दिलं नव्हतं. कॅल्शियम लिम्फोमातही वाढतं, आणि स्टेरॉइड आधी दिलं की लिम्फोमा लपून बसतो.

१३ जून
कॅल्शियम १२.३ वर आलं, भूल देण्याइतपत. आधी पोट उघडलं, मागचं काम नंतर. लसिका गाठ डाव्या इलियाक शिरेला चिकटलेली. इथे घाई केली की रक्ताचं तळं होतं. ओल्या कापसाच्या बोळ्याने शीर एकेक मिलिमीटर सोडवत गेलो. सहायक बराच वेळ काही बोलला नाही.

मग पालथी घातली, मागचा भाग उंच, शेपूट पाठीवर बांधलेली. विष्ठा येऊ नये म्हणून गुदद्वाराला बटव्याच्या नाडीसारखा टाका. तो शेवटी काढायचा म्हणून फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. पिशवी न फोडता गाठीसकट काढायची, फुटली तर पेशी सांडतात. पण बाहेरचा स्नायू पिशवीला लगटूनच असतो. तो फार कापला किंवा त्याची नस दुखावली तर शी आवरत नाही. आज थोडेच तंतू गेले, आणि उजवी बाजू शाबूत आहे. दोन्हीकडे गाठ असती तर एवढ्या निश्चिंतपणे हे लिहिलं नसतं.

१५ जून
कॅल्शियम १०.४. पाण्याचं भांडं अर्धं तसंच पडलेलं. शी मऊ राहावी म्हणून औषध चालू आहे. फिरताना दोन लेंड्या नकळत पडल्या. काकू ओशाळल्या, चिंगी अजिबात नाही.

२४ जून
रिपोर्ट: लसिका गाठीत रोग आहे. पिशवीच्या कडा स्वच्छ, पण अगदी अरुंद. पिशवीभोवती जागाच तेवढी असते.

"किती दिवस?" काकांनी सरळच विचारलं. २००३ साली अमेरिकेत ११३ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातले आकडे सांगितले. उपचार घेतलेल्यांचं मध्यगत आयुष्य ५४४ दिवस. कॅल्शियम वाढलेल्यांचं २५६, न वाढलेल्यांचं ५८४. निम्मी कुत्री त्याआधी जातात, निम्मी नंतरही असतात, हेही सांगितलं. काकांनी पाकिटाच्या पाठीवर फक्त २५६ लिहिलं.

कार्बोप्लॅटिनबद्दल बोललो: दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून, मध्ये रक्ततपासण्या. त्याने आयुष्य नक्की किती वाढतं याचा पुरावा डळमळीत आहे, त्यामुळे मी गळ घातली नाही. तीन महिन्यांनी बोटाची तपासणी, कॅल्शियम आणि सोनोग्राफी मात्र चुकवायची नाही. लसिका गाठ पुन्हा वाढली तर पुन्हा काढता येते, आणि काही कुत्री त्यानंतरही बरेच महिने मजेत जगतात.

काका म्हणाले, "पोट पुन्हा नाही उघडायचं."

"ते तेव्हाचं तेव्हा बघू हो," काकू म्हणाल्या आणि सप्टेंबरची तारीख लिहून घेतली.