गुडघ्याएवढं रान

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना चौलच्या अलीकडे एका कुंपणावर पाटी दिसली : ‘एन. ए. प्लॉट. क्लिअर टायटल. जागा पूर्ण साफ केलेली.’ पाटीमागे दोन आंबे आणि एक जुना ऐन राखला होता, त्यांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना फासला होता, आणि खाली नुसती लाल माती. करवंदीची जाळी नाही, कुडा नाही, धायटी नाही, गवताची काडी नाही. जेसीबीच्या दातांचे ओरखडे तेवढे ताजे. मालकाचा झाडांवर राग नव्हता, हे उघड होतं. त्याला फक्त गुडघ्याएवढं रान नको होतं.

तेव्हापासून मी रस्त्याच्या दोन्ही अंगांना खालीच बघत असते. झाडांची मोजदाद होते, त्यांना नंबर मिळतात, ती तोडली तर माणसं रस्त्यावर उतरतात, आणि उतरावंच. करवंदीच्या जाळीसाठी कोणी उतरल्याचं मी ऐकलेलं नाही. पण रानकोंबडा, चकोत्री, लावा, तित्तिर ही सगळी मंडळी जगतात ती याच मजल्यावर. माथ्यावरचं पानांचं छत त्यांना सावलीपुरतं आणि रात्रीच्या मुक्कामापुरतं. दिवसभराचा सगळा संसार जमिनीपासून हातभर उंचीत. वरून घार किंवा शिक्रा आला तर डोक्यावर काट्यांचं छप्पर हवं, खाली पळायला मोकळी बोळ हवी, आणि पायाखाली पाचोळा हवा, कारण अन्न पाचोळ्याखाली आहे. वाळवी, किडे, अळ्या, गळून पडलेली उंबरं, गवताचं बी. पिल्लांना तर पहिले काही दिवस किडेच लागतात, दाण्यांवर ती वाढत नाहीत. पाचोळा झाडून नेला की झाड उभंच राहतं, पण ताट रिकामं होतं.

कर्नाळ्याला गेलेली माणसं वर बघतात. साहजिक आहे, किल्ल्याचा सुळका नजर ओढून नेतो. १९६८ साली हे पक्षी अभयारण्य झालं, मुंबई-गोवा महामार्ग त्याच्या पोटातून जातो, आणि सकाळी ट्रकांच्या आवाजामधल्या फटीतून रानकोंबड्याची बांग येते. गावठी कोंबड्यासारखी ती लांबत नाही. तुटक, चार ठोक्यांची, शेवटी एकदम कापल्यासारखी. मला ती गावठी बांगेहून जास्त आवडते. तिच्यात उठवण्याचा आव नाही, आपली हद्द सांगण्याचा करारीपणा आहे.

रानकोंबड्याला दाट जंगलाचा गाभा फारसा मानवत नाही. त्याला कडा हव्यात. रान संपून माळ सुरू होतो ती जागा, बांबूच्या बेटाची कड, ओढ्याच्या काठचं गचपण, डोंगरातल्या नाचणी-वरीच्या पट्ट्याची शीव. सकाळ-संध्याकाळ तो उघड्यावर येतो, पण लपायची जागा दोन-चार उड्यांच्या टप्प्यात असते. चकोत्री त्याहून भिडस्त. ती उडायच्या आधी पळते, आणि पळताना दिसते ती फक्त तांबूस पाठ. हे दोघं जिथे आहेत तिथे रानाचा खालचा मजला शाबूत आहे, एवढं मी त्यांच्यावरून खुशाल ताडते.

घाणेरीचं काय, हा प्रश्न मला सोडवता आलेला नाही. परदेशातून आलेलं हे झुडूप देशी झुडपांना गिळत सुटलं आहे, ते उपटायला हवं असं मन म्हणतं. पण जिथे करवंद आणि धायटी आधीच गेली, तिथे लपायला घाणेरीच उरली आहे आणि रानकोंबडे तिची फळंही खातात. उपटणाऱ्यांनी तिच्या जागी काय उगवू देणार ते आधी सांगावं, इतकंच माझं म्हणणं.

कारवीचं मात्र सरळ आहे. सात-आठ वर्षं नुसती पानं, मग एका पावसाळ्याअखेर सगळा उतार जांभळा, आणि मग मरण. बोरिवलीच्या रानात ती २०१६ साली फुलली आणि पुन्हा २०२४ साली. बोंडं वाळून तडकतात, एवढं बी पडतं की खाणाऱ्यांची पोटं भरून उरतं, आणि त्या उरलेल्यातून पुढची कारवी. बी पडण्याच्या हंगामात रानकोंबडे दुरून येऊन जमतात, बांबू बियाला आला तरी तसंच, हे जुन्या शिकाऱ्यांनी आणि पक्षिशास्त्रज्ञांनी दोघांनीही नोंदवून ठेवलं आहे. मेलेल्या कारवीच्या काठ्यांनी आमच्याकडे कुडाच्या भिंती व्हायच्या, शेणामातीनं लिंपलेल्या. मुरूड तालुक्यातल्या मामाच्या घराची मागची पडवी अशीच होती.

त्या घराच्या वरच्या अंगाला राबाची, म्हणजे पेरणीआधी जमीन भाजून घेण्याची, जागा होती. राबाची तयारी थंडीतच सुरू व्हायची. ऐनाचा, किंजळाचा कवळ, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडून भारे वाळत टाकायचे. चैत्रात भाताच्या रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर थर चढायचे : तळाशी शेण, त्यावर कवळ, त्यावर गवत आणि पातेरा, आणि सगळ्यांवर बारीक माती. मातीमुळे आग भडकत नाही, धुमसत राहते, तणाचं बी जळतं आणि जमीन भाजून निघते. पातेरा गोळा करणं हे पोरांचं काम. आम्ही खराटे घेऊन वरच्या रानात जायचो आणि जमीन दिसेपर्यंत झाडायचो. सोबत शेजारच्या वाडीवरची एक कातकरी म्हातारी असायची. मामा तिला आये म्हणायचा, म्हणून आम्हीही.

एका सकाळी मी करवंदीच्या एका मोठ्या जाळीखाली खराटा घातला, तशी तिनं माझं मनगट धरलं. ‘‘ती जाळी ऱ्हाऊ दे. कोंबडी बसलीया.’’

मला काही दिसेना. ती बोट दाखवत नव्हती, नुसती हनुवटी उचलून बघत होती. जाळी, पातेरा, उन्हाचे कवडसे, आणखी पातेरा. मग कधीतरी त्या पातेऱ्यात एक डोळा होता. डोळा सापडला, मग चोच, मग छातीवरची काळ्या किनारीची पांढरी पिसं, आणि मग अख्खी कोंबडी एवढी ढळढळीत दिसू लागली, की आधी का दिसली नाही तेच कळेना. ती हलली नाही. आमच्यात दोन हातांचं अंतर असेल.

‘‘तुला कसं कळलं, आये?’’

काल दुपारी पाण्यावरून परतताना तिनं कोंबडीला बघितलं होतं. सरळ न जाता वळसे घेत, थांबत थांबत जाणारी कोंबडी म्हणजे घरट्यावर जाणारी, असं तिचं गणित. हे गणित ती पक्षी बघून शिकलेली नव्हती. फास लावून शिकली होती. तिच्या तरुणपणी लावे, तित्तिर, रानकोंबडे तिच्या घरच्या चुलीवर शिजलेले होते आणि ते तिनं कधी लपवलं नाही. कोण कुठल्या वाटेनं पाण्यावर येतं, पाऊस लांबला तर कुठे सरकतं, कुठलं बी कधी पडतं, हे सगळं पोटासाठी माहीत करून घेतलेलं. आज आपण ज्याला अधिवासाचा अभ्यास म्हणतो, त्यातलं बरंचसं तिच्या बोटांत होतं आणि ते कुणी लिहून घेतलं नाही, याची मला खंत आहे.

मामा वर आला. त्यानं जाळीकडे पाहिलं, आमच्या अर्ध्या भरलेल्या डालग्यांकडे पाहिलं.

‘‘किती दिस बसंल, आये?’’

‘‘इसेक दिस, दादा.’’

मामानं खराट्याच्या दांड्यानं जाळीभोवती रेघ ओढली. त्या रेघेच्या आतला पातेरा त्या साली कोणी उचलला नाही. शिवाय राबाला बत्ती द्यायची ती पहाटे, वारा पडलेला असताना, आणि आगीचं तोंड रानाकडे होऊ न देता, हे तो दरवर्षीच पाळायचा. त्या साली त्यानं राबाच्या कडेनं हातभर रुंद जमीन जास्त खरवडून घेतली.

रानकोंबडी अंडी घालते ती मुख्यत्वे फेब्रुवारी ते मे या काळात, जमिनीवरच्याच खळग्यात, चार ते सात. आपल्या डोंगरांवर वणवे लागतात तेही याच महिन्यांत. राबाची आग वेगळी, ती बांधलेली असते. वणवा कुणाच्या तरी विडीतून, कुणाच्या तरी ‘गवत चांगलं येईल’ या समजुतीतून सुटतो आणि रात्रभर डोंगरावर माळ लावत जातो. मोठी झाडं त्यातून तगतात. दुसऱ्या दिवशी खालून बघणाऱ्याला डोंगर तसाच उभा दिसतो. मला त्या तसाच दिसण्याचा राग येतो.

मामाच्या गावच्या मागचं फणसाडचं रान जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव होतं. ते वाचलं ते बंदुकीसाठी राखल्यामुळे. १९८६ साली त्याचं अभयारण्य झालं. तिथले माळ, त्यांना लागून असलेली दाट झाडी आणि उन्हाळ्यातही पाणी धरणाऱ्या गाणी, म्हणजे पाणवठे, या तीन गोष्टींची जवळीक बघितली की शिकाऱ्यांना इथे काय दिसलं असेल ते समजतं. परवाना काढून लहान शिकार करण्याची सोय १९७२च्या वन्यजीव कायद्यातही होती, ती १९९१च्या दुरुस्तीनं गेली. पण रानकोंबड्यामागे माणसं केवळ मांसासाठीच लागली नाहीत. नराच्या मानेवरच्या पिसांच्या टोकांना मेणासारखे चकचकीत, पिवळट ठिपके असतात, स्पर्शाला कडक. स्कॉटलंडच्या नद्यांत सामन मासा पकडायला गळाला पिसांची खोटी माशी बांधतात, आणि ‘जॉक स्कॉट’ नावाच्या नामांकित माशीच्या दोन्ही बाजूंना हेच पीस लागतं. सह्याद्रीतल्या पाचोळ्यात चालणाऱ्या पक्ष्याचा अलंकार थंड पाण्यातल्या माशाला भुलवायला! आता त्यासाठी विलायतेतच रानकोंबडे पाळतात. पावसाळ्यात तर नर स्वतःच ती पिसं टाकून देतो आणि काही महिने काळपट, साधा होऊन वावरतो.

आणि गावठी कोंबडीचे पिवळे पाय? पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण कातडीला पिवळेपणा देणारा जनुक आपल्या राखी रानकोंबड्याकडून आला, हे २००८ साली संशोधकांनी दाखवून दिलं. मामाच्या अंगणातल्या कोंबड्या आणि वरच्या जाळीतली ती बसलेली कोंबडी, यांच्यात एवढं नातं होतं.

किनाऱ्याच्या जवळ, किहीम-नागावकडे, बंगल्यांच्या मधल्या अजून न विकलेल्या गवताळ तुकड्यांत एक तीन बोटांचा पट्टेरी लावा राहतो. हा लावा दिसायला लाव्यासारखा, वागायलाही, पण रक्तानं तो कोंबड्यांच्या कुळातला नाहीच. डीएनएनं त्याला नेऊन बसवलं ते कुरव आणि सुरय यांच्या गोतात, पलीकडच्या वाळूवर उतरणाऱ्या समुद्रपक्ष्यांच्या. या लाव्यांमध्ये मादी आकारानं मोठी, रंगानं उजळ, गळा काळाभोर. घशातून लांबत जाणारी घरघर काढून ती नराला बोलावते, इतर माद्यांशी भांडते, अंडी घालते आणि निघून जाते. नर बारा-तेरा दिवस ती उबवतो, पिल्लांना गवतातून चालवत नेतो, किडे शोधून देतो. मादी तोवर शेजारच्या प्लॉटमध्ये दुसऱ्या नराला हाका मारत असते.