आधी साका कुणाचा?

कोणता क्षार आधी खाली बसेल असं विचारलं, की बहुतेक जण तक्ता उघडतात आणि ज्याचा विद्राव्यता गुणाकार लहान त्याच्यावर बोट ठेवतात. ही सवय मोडायला मोहर यांची १८५६ सालची पद्धत पुरेशी आहे. पाण्यातलं क्लोराइड मोजायला प्रयोगशाळांत ती आजही वापरतात. चंबूत क्लोराइडचं पाणी, त्यात पिवळं पोटॅशियम क्रोमेट, वर ब्युरेटमध्ये सिल्व्हर नायट्रेट. सिल्व्हर क्लोराइडचा गुणाकार १.८ गुणिले दहाचा उणे दहावा घात, सिल्व्हर क्रोमेटचा १.१ गुणिले दहाचा उणे बारावा घात. दुसरा आकडा शंभरपटीहून लहान, तरी आधी बसतं ते क्लोराइडच. क्रोमेटच्या एका आयनाला चांदीचे दोन आयन लागतात, त्यामुळे त्याच्या गुणाकारात चांदीच्या संहतीचा वर्ग येतो. या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. विचारायचं ते असं, की साका धरायला कुणाला किती चांदी हवी? क्लोराइड लिटरला ०.१ मोल असेल, तर मोलचे जेमतेम दोन अब्जांश पुरतात. क्रोमेट ०.००५ मोल असेल, तर दीड लाखांश लागतात, म्हणजे आठ हजारपट. म्हणून थेंब पडतो तिथे क्षणभर विटकरी डाग उमटतो, चंबू हलवला की विरतो आणि पांढरा साका वाढत राहतो. तो रंग टिकू लागतो तेव्हा मूळ क्लोराइडचा साधारण दहा हजारावा भाग उरलेला असतो. या हिशेबातला नेमकेपणा मला आजही फार देखणा वाटतो.

यावर कुणी म्हणेल, द्रावण आम्लधर्मी झालं की हे सगळं बिघडतं. बिघडतं खरं, पण का? सामू साडेसहाच्या खाली गेला की क्रोमेट हायड्रोजनशी बांधलं जातं आणि मोकळं क्रोमेट कमी पडतं. गणित तेच राहतं. त्यात बाटलीवरची संहती न घालता मोकळ्या आयनांची घालायची. याहून वजनदार आक्षेप वेगाचा आहे. समुद्राच्या वरच्या पाण्यात डोलोमाइट बसावं इतके आयन आहेत, तरी ते बसत नाही, कारण मॅग्नेशियम आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू सहजी सोडत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. हिशेब ‘बसेलच’ अशी हमी देत नाही. मर्यादा ओलांडलेली नसेल तर ‘बसणार नाही’ हे मात्र तो खात्रीने सांगतो, आणि कामाला तेवढा आधार मोठा असतो.

मिठागरात हेच रोज दिसतं. समुद्राच्या किलोभर पाण्यात सोडियम सुमारे १०.८ ग्रॅम आणि कॅल्शियम अवघं ०.४ ग्रॅम, पण पाणी आटताना आधी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, मग जिप्सम. सगळ्यांत मुबलक असलेलं मीठ पाणी जवळजवळ दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंत विरघळलेलंच राहतं, कारण त्याची मर्यादा तितकीच उंच आहे. म्हणून जिप्सम मागच्या वाफ्यात सोडून खारं पाणी पुढे घेता येतं. मीठ धरल्यावर उरलेलं कडू पाणी मॅग्नेशियमचे क्षार बसायच्या आत काढून टाकावं लागतं. उशीर झाला तर मीठ कडवट होतं आणि हवेतला ओलावा ओढून पाझरू लागतं.